भर दुपारच्या बाई

बाई गेल्या त्या दिवशी रत्नागिरीतल्या निदान चार ग्रुपांवर एकच मजकूर फिरत होता. ‘कोकणच्या निसर्गाचं स्वप्नवत रूप कॅमेऱ्यात टिपणाऱ्या छंदवेड्या निवृत्त शिक्षिकेचं दुःखद निधन.’ खाली बाईंनीच काढलेला एक फोटो. काळं आभाळ, शाईसारखा समुद्र आणि किनाऱ्यावरची सुरूची झाडं पिंजलेल्या कापसासारखी पांढरीशुभ्र. त्याखाली जोडलेल्या हातांची लांबलचक रांग. ते वाचून माझं डोकं फिरलं. स्वप्नवत म्हणे! छंदवेड्या म्हणे! हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची एकाची तरी छाती झाली असती का?

त्यातला एक मी उच्चारला होता. मी त्यांचा भाडेकरू. त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत चार वर्षं राहिलो. राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी मला एक फोटो दाखवला आणि मी भाबडेपणाने म्हणालो, “बाई, अगदी स्वप्नातलं वाटतं हो.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“कुणाच्या स्वप्नातलं? काल दुपारी साडेबाराला मी भाट्याच्या पुलाजवळ उभी होते. टक्क जागी. तू कुठे होतास?”

“ऑफिसात.”

“पंख्याखाली. मग स्वप्नं कोण बघत होतं?”

त्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपला जुना कॅमेरा मुंबईच्या एका माजी विद्यार्थ्याकडे पाठवला. कॅमेऱ्याच्या पोटात एक बारीकशी काच असते, आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश ती अडवते. ती त्याने काढली आणि तिच्या जागी उलटी बसवली, म्हणजे दिसणारा प्रकाश अडवणारी. बाई त्याला अवरक्त म्हणत, क्रमिक पुस्तकातला शब्द. मी इन्फ्रारेड म्हटलं की त्यांना चालत असे, पण ‘फिल्टर मारलाय का?’ असं कुणी विचारलं की त्या त्या माणसाशी पुन्हा बोलत नसत.

“पानाला सगळाच प्रकाश खाता येत नाही,” त्या सांगत. “जो नको असतो तो ते परत फेकतं. झाडाभोवती हे दिवसभर चाललेलं असतं रे, आणि आपल्याला पत्ता नाही.”

म्हणून फोटोत झाडं पांढरी. पांढरीही कशी, आतून दिवा लावल्यासारखी. फणसाचं एकेक पान वेगळं काढून ठेवल्यासारखं दिसे. धुरकटपणा त्या प्रकाशाला अडवत नाही, त्यामुळे खाडीपलीकडचा डोंगर, जो एरवी दुपारी निळसर धुरात बुडालेला असतो, तो हात लावावा इतका जवळ येई. आणि सगळ्यावर ते काळंभोर आभाळ, त्यात कोरून काढलेले ढग. मी चार वर्षं हे फोटो बघितले, तरी दर वेळी बघतच राहिलो. सुंदर होते, यात वाद नाही. माझी तक्रार ज्यांना त्यापलीकडे काही दिसलंच नाही त्यांच्याबद्दल आहे.

हा प्रकाश भर उन्हात मुबलक असतो, म्हणून बाई साडेदहाला जेवायच्या आणि साडेअकराला बाहेर पडायच्या. अंगावर सुती साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, खांद्याला तिपाई, हातात काळी छत्री आणि पिशवीत कोकम सरबताची बाटली. मे महिन्यात कुत्रीसुद्धा गाडीखाली शिरतात त्या वेळी ही सत्तरीची बाई कातळावरून चालत जाई. रिक्षावाले त्यांना दुपारच्या बाई म्हणत. संध्याकाळी सूर्यास्ताचे फोटो काढायला किनाऱ्यावर गर्दी होई, तिच्याबद्दल बाईंचं मत स्वच्छ होतं: “झोप काढून आलेली माणसं.”

त्यांचं भाडेकरूंवरचं राज्यही याच प्रकाशाने चाले. एका रविवारी दुपारी माझ्या दारावर थापा पडल्या.

“अरे, ती पॅन्ट काढ आधी दोरीवरून!”

“कुठली पॅन्ट?”

“काळी! ऑफिसची! माझ्या फणसाशेजारी चमकतेय!”

मला वाटलं, उन्हाने त्यांना काही झालं. त्यांनी कॅमेऱ्यावर दाखवलं, तर खरंच, माझी काळी कुळकुळीत टेरिकॉटची पॅन्ट दुधासारखी पांढरी झाली होती. काळा रंग आपल्या डोळ्यांपुरता, त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून रविवारी अकरा ते दोन दोरी मोकळी.

माझी आई एकदा बुरोंडीहून सुकी मासळी घेऊन आली होती. बाईंनी हौसेने तिचा फोटो काढला. आईच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती गायब, कातडी मेणासारखी. आईने फोटो दूर धरला, जवळ धरला आणि परत दिला.

“ही मी नाय. माज्या सुरकुत्या कुठं गेल्या? उन्हात वाळून झाल्यायत त्या, फुकटच्या नाय.”

दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. बाई उठल्या, आईला म्हणाल्या, “बरोबर बोललात. चूक माझी,” आणि तो फोटो तिच्यादेखत पुसून टाकला. यापुढे या कॅमेऱ्याने माणसं काढायची नाहीत, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं.

आता मी ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. ते सांगताना मला बाईंच्या आधी स्वतःचा राग येतो, पण ते असू दे.

मी सरकारी कार्यालयात कारकून होतो. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही. शहराबाहेर एक मोठा सडा आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट माळरान. वरून बघितलं तर काळातांबूस, भाजलेला, काही नसल्यासारखा. त्याच्या उताराखाली एक वाडी. त्या सड्यावर चिरेखाणीचा प्रस्ताव आला. प्रस्तावावर आमच्या कार्यालयाने जागेची पाहणी करून अहवाल द्यायचा होता. एप्रिल महिन्यातल्या एका दुपारी आम्ही निघालो. गाडी खाणवाल्यांचीच, मोठी, थंडगार, काचांना काळी फिल्म. पुढे ड्रायव्हर आणि खाणवाल्यांचा माणूस, मागे आमचे साहेब आणि मी.

गाडी सड्यावर चढली आणि थांबली. साहेबांनी काचेतून बाहेर बघितलं. खाणवाल्यांच्या माणसाने थंड पेयाच्या बाटल्या काढल्या. कुणीही दार उघडलं नाही.

“लिही,” साहेब म्हणाले. “संपूर्ण क्षेत्राची पायी फिरून पाहणी केली. क्षेत्र खडकाळ व ओसाड. झाडोरा आढळून आला नाही.”

मी मांडीवर कागद ठेवून लिहिलं. लिहिता लिहिता वर बघितलं, तर समोर शंभर पावलांवर तिपाई, काळी छत्री आणि छत्रीखाली बाई. त्या आमच्याकडेच तोंड करून उभ्या होत्या.

मी सीटवर खाली घसरलो. काच काळी होती, बाहेरून काही दिसणार नव्हतं, तरी घसरलो.

“कोण रे ती?” साहेबांनी विचारलं.

“माहीत नाही साहेब,” मी म्हणालो.

जिच्या घरात राहत होतो, जिच्या हातचे उकडीचे मोदक आदल्याच संकष्टीला खाल्ले होते, तिच्याबद्दल मी हे बोललो. वीस मिनिटांत आम्ही परत फिरलो.

पुढे वाडीतल्या लोकांनी हरकती घेतल्या आणि त्यांची सुनावणी गावातल्या शाळेच्या वर्गात लागली. साहेब टेबलामागे, शेजारी इतिवृत्त लिहायला मी. वाडीतला एक म्हातारा उठला. “सायबानू, पावसाचं पानी वर सड्यात मुरतं, मगे खाली आमच्या बावीला येतं. सडा खणलाव तर आमी प्यायचं काय? गुरांनी चरायचं कुठं?” त्याला साहेबांनी, नोंद घेतली, बसा, असं सांगितलं. मग बाई उठल्या. त्यांनी हरकत घेतलीय हे मला यादीतलं नाव वाचल्यावर कळलं. घरात त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

बाईंनी टेबलावर एक मोठा फोटो ठेवला. तोच सडा, तीच दुपार. कातळ काळाभोर आणि त्या काळ्यावर सगळीकडे, दूर क्षितिजापर्यंत, पांढऱ्या ज्योती पेटाव्यात तशा करवंदाच्या जाळ्या, अंजनी, उक्षी. एरवी धुळीने माखलेली, गुडघ्याएवढी, नजरेत न भरणारी ती झुडपं. प्रत्येक भेगेत काहीतरी जिवंत होतं आणि प्रत्येक जिवंत गोष्ट उजळली होती. मी त्या सड्यावर जाऊन आलो होतो आणि मला तो सडा तेव्हा पहिल्यांदा दिसला.

बाई शांतपणे, वर्गात शिकवावं तसं सांगत होत्या. जिवंत पान हा प्रकाश परत फेकतं, म्हणून पांढरं दिसतं. दगड तेवढा फेकत नाही. अहवालात झाडोरा नाही असं लिहिलंय. मोजून घ्या.

साहेबांनी फोटो उचलून लोकांकडे फिरवला.

“काय हो, रत्नागिरीत बर्फ पडायला लागला की काय?”

वर्ग हसला. खाणवाल्यांची माणसं तर हसलीच, पण मागे उभी असलेली वाडीतली पोरंही हसली. त्यांचं पाणी ज्या फोटोत होतं त्याला ती हसली.

“हल्ली मोबाईलवर काय वाट्टेल ते बनवता येतं,” साहेब म्हणाले. “बाई, फोटो सुरेख आहे. अगदी स्वप्नातला. घरी भिंतीवर लावा. इथे आपण वस्तुस्थिती बघतोय.”

“तुम्ही सड्यावर पायी फिरलात?” बाईंनी विचारलं.

“अहवालात लिहिलंय.”

“ते वाचलं मी. तुम्ही फिरलात का?”

“पायी फिरून पाहणी केली,” साहेबांनी कागदावर बोट ठेवलं.

“बरोबर आणखी कोण होतं?”

“आमचे कर्मचारी होते.”

बाई तशाच उभ्या राहिल्या. वर्गात पंख्याचा आवाज येत होता. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. मी मान खाली घालून लिहीत होतो. लिहिण्यासारखं काही नव्हतं तरी लिहीत होतो. मग बाईंनी फोटो उचलला, पिशवीत घातला आणि त्या बसल्या. साहेबांनी मला वाक्य सांगितलं आणि मी ते माझ्या अक्षरात उतरवलं: ‘हरकतदार यांनी सादर केलेले छायाचित्र वस्तुस्थितीशी विसंगत असल्याने विचारात घेता येत नाही.’

संध्याकाळी मी बाईंकडे गेलो आणि साहेबांना शिव्या घालायला सुरुवात केली. काय समजतो स्वतःला, शाळेत विज्ञान शिकला होता की नाही, बर्फ म्हणतो मेला, पुन्हा लोकांना हसवतो! मी खूप बोललो. आतून इतका संतापलो होतो की मला तो संताप खराही वाटला. बाई कुळीथ निवडत होत्या. माझं संपेपर्यंत निवडत राहिल्या. मग उठून त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

आत दुसरा फोटो होता. सडा तोच, पण मध्ये गाडी. आणि गाडीच्या काचा स्वच्छ, आरपार, जणू काळी फिल्म लावलीच नव्हती. ड्रायव्हर मान टाकून झोपलेला. खाणवाल्यांचा माणूस मागे वळून हसतोय. साहेबांच्या तोंडाला बाटली. आणि त्यांच्या शेजारी सीटवर घसरलेला, मांडीवर कागद घेतलेला, पांढऱ्याफटक चेहऱ्याचा मी, थेट कॅमेऱ्यात बघत असलेला.

“मी गाडी काढत होते, आतली माणसं नव्हे. साधी फिल्म होती ती,” बाई म्हणाल्या. “काळ्या रंगाची. तुझ्या पॅन्टसारखीच. या प्रकाशाला ती अडवत नाही. चांगल्या प्रतीची असती तर नसतं दिसलं.”

मी फोटो पालथा ठेवला.

“हा... हा आज तुमच्याबरोबर होता?”

“पिशवीतच होता.”

“मग दाखवला का नाहीत? तिथल्या तिथे अहवाल खोटा ठरला असता!”

“तू उठशील म्हणून थांबले होते.”

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते नंतर. त्या क्षणी मी भडकलो. बाईंवर भडकलो. म्हणालो, “म्हणजे वाडीचं पाणी, तो सगळा सडा, तुम्ही माझ्यावर लावलात? माझी परीक्षा बघायला? मी कोण? साधा कारकून! तुम्हाला काय अधिकार होता?”

बाईंनी कुळथाचं ताट बाजूला सारलं. मला वाटलं, आता खोल्या रिकाम्या करायला सांगतील.

“नव्हता,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, फोटो दाखवण्यापेक्षा त्या गाडीतल्या माणसाने सांगितलेलं बरं. फोटोला ते पुन्हा हसलेच असते. पण चुकलं माझं. तो म्हातारा तिथे बसला होता, त्याच्या विहिरीशी खेळले मी.”

त्या साहेबांवर चिडल्या नव्हत्या, माझ्यावरही नाही. स्वतःवर चिडल्या होत्या. आणि माझ्यासारख्या बडबडत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. बाईंनी सांगितलं नव्हतं, सुचवलंही नव्हतं. ‘पाहणीच्या दिवशी कोणीही गाडीतून खाली उतरले नाही. अहवाल गाडीत बसून लिहिला. तो मी लिहिला.’ तीनच वाक्यं, पण चार कागद फाडले. जिल्ह्याच्या वरिष्ठांकडे तो द्यायचा होता. त्याला जोडायला मी बाईंकडे तो फोटो मागितला.

“तुझा चेहरा स्पष्ट आहे त्यात,” त्या म्हणाल्या.

“म्हणून तर मागतोय.”

त्यांनी पाकीट दिलं. शाबासकी वगैरे काही नाही. फक्त म्हणाल्या, “पोच घे. शिक्का नीट बघून घे.”

आठ दिवसांत माझी बदली झाली, मंडणगडला, प्रशासकीय कारणास्तव. साहेबांना काय झालं असं पुष्कळ जण विचारतात. काही झालं नाही. गाडीत बसून पायी फिरणाऱ्या माणसाला एक खुलासा विचारला गेला, तो त्यांनी दिला, तो मान्य झाला. पुढे बढती मिळाली. आज ते निवृत्त आहेत आणि परवा बाईंच्या त्या मजकुराखाली त्यांनीही हात जोडलेत. मी दोनदा बघून खात्री करून घेतली. तेच ते.

सामान बांधून निघालो त्या सकाळी बाई बाहेर पडायच्या तयारीत होत्या. पावसाळा तोंडावर होता, ऊन थोडेच दिवस मिळणार होतं. फाटकाशी थांबून त्यांनी माझी वळकटी रिक्षात नीट बसली का ते बघितलं आणि विचारलं, “तिकडे मंडणगडला सडे आहेत ना?” मी म्हणालो, असतील. “असतील काय? जाऊन बघ,” त्या म्हणाल्या आणि छत्री उघडून चालू लागल्या.

फेरपाहणीचा आदेश निघाला तो पुढल्या उन्हाळ्यात. नवीन अधिकारी आल्या होत्या, तरुण, बाहेरच्या जिल्ह्यातल्या. पाहणीच्या दिवशी मी मंडणगडला ऑफिसात बसून होतो, कामात लक्ष नव्हतं. दुपारी चार वाजता बाईंचा फोन आला. त्या फोन करणाऱ्यांतल्या नव्हत्या, म्हणून मी उठून व्हरांड्यात गेलो.

“झाली पाहणी. तीन तास चालवलं तिला,” बाई म्हणाल्या. “उन्हात. टोपी नव्हती आणली तिने, मग छत्री दिली मी. पण चालली. झुडपं स्वतः मोजली. एका भेगेत हात घालून बघितला, आत ओल होती. मे महिन्यात! खाली वाडीत जाऊन पाणी प्यायली.”

“मग?”

“मग काय. आज नाही कळत. लिहिणार म्हणाली.”

निकाल यायला पावसाळा सरला. पुन्हा फोन आला. बाईंच्या हातात आदेशाची प्रत होती आणि त्या मला ती शब्द न् शब्द वाचून दाखवत होत्या, मधले सगळे कलम-पोटकलम धरून. वाडीच्या वरच्या अंगाचं क्षेत्र खाणीतून वगळलं होतं. विहिरीचं पाणी जिथून येतं ते सगळं त्यात होतं. रस्त्याकडच्या बाजूला खाणीला परवानगी दिली होती. बाई वाचायच्या थांबल्या.

मला इतका आनंद झाला की मी व्हरांड्यातच ओरडलो, “म्हणजे बाई, अर्धा सडा वाचला!”

पलीकडे कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.

“अर्धा गेला,” बाई म्हणाल्या. “वाक्य नीट कर.”